काळं राहू द्या, तांबडं काढा

घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग घेऊन मी एका वस्तऱ्याचं पातं पाहत होतो. पाठीच्या जरा खाली एक तांबूस डाग होता, मुगाच्या दाण्याएवढा. नुसत्या डोळ्यांना तो घाणीचा ठिपका वाटला होता. भिंगाखाली त्याचं वर्तुळ झालं. बाहेरची कडा जवळजवळ स्वच्छ, तिच्या आत तपकिरी कडं आणि अगदी मधोमध एक करडा, बारीक खड्डा. कंपासने काढावं इतकं ते रेखीव होतं.

वस्तरा छत्रपती संभाजीनगरातल्या, औरंगपुऱ्याच्या बाजूच्या एका जुन्या सलूनमधला. मालकांनी सत्तरी ओलांडली आहे आणि येणारे-जाणारे सगळे त्यांना मामाच म्हणतात. आता दाढी होते ती अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याने, दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड. हा अखंड पोलादी वस्तरा त्यांच्या वडिलांच्या धोपटीतला. आरशामागच्या कप्प्यात कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. त्यावर दोन-तीन तांबडे डाग आहेत आणि पाठीलगत एक काळसर, निळसर झाक आहे. मी म्हटलं, "मामा, लिंबू लावून लख्ख करून आणू का?"

मामांनी वस्तरा माझ्या हातातून काढूनच घेतला. "लिंबू नका लावू भाऊ. काळं राहू द्या, तांबडं तेवढं काढायचं. काळं पात्याचंय, तांबडं पाण्याचं."

हे वाक्य घेऊन मी घरी आलो. त्यात किती रसायनशास्त्र भरलेलं आहे हे कळायला मला पुष्कळ वाचावं लागलं.

आधी त्या वर्तुळाचं. पोलादावर पाण्याचा थेंब पडतो. त्यात थोडं मीठ असतंच. घामाचं, साबणाचं किंवा आपल्या बोअरच्या पाण्यातलं. हवेतला प्राणवायू त्या थेंबात विरघळत असतो. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर अगदी पातळ, त्यामुळे तिथे प्राणवायू भराभर पोचतो. मधोमध थर जाड. तिथला प्राणवायू सुरुवातीलाच खर्च होतो आणि नवा पोचायला वेळ लागतो. एवढ्याशा फरकावर पुढचं सगळं घडतं. कडेला प्राणवायू मुबलक, म्हणून तिथे तो पोलादाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेऊ लागतो. ते इलेक्ट्रॉन द्यायचे कुणी? मधल्या लोखंडाने. मधलं लोखंड आपले इलेक्ट्रॉन पोलादातूनच कडेकडे पाठवतं आणि स्वतः अणू-अणूने पाण्यात विरघळत जातं. एका थेंबात एक अख्खी बॅटरी चालू होते. तार म्हणजे वस्तऱ्याचं पातं!

मधून विरघळलेलं लोखंड बाहेरच्या बाजूला सरकतं, कडेला तयार झालेला अल्कधर्मी भाग आत सरकतो. दोघे वाटेत भेटतात. जिथे भेटतात तिथे गंज खाली बसतो, म्हणून कडं तयार होतं. म्हणजे भिंगाखाली मला दिसलेला गंज जिथे साचला होता तिथे जखम नव्हती. जखम मधोमध होती, त्या करड्या खड्ड्यात. गंज म्हणजे तिथून वाहून आलेली माती.

केंब्रिजचे यूलिक रिचर्डसन इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात हे दाखवून दिलं. गंजाच्या शास्त्रात हा प्रयोग आजही 'इव्हान्सचा थेंब' म्हणून ओळखला जातो. त्यात रंगांची एक सुंदर युक्ती आहे. मिठाच्या पाण्यात दोन रसायनं घालायची: फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. पहिलं अल्कधर्मी जागी गुलाबी होतं, दुसरं विरघळलेलं लोखंड भेटलं की गडद निळं. असा थेंब घासलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवला की आधी इकडे-तिकडे निळे-गुलाबी ठिपके उठतात. मग थोड्या वेळाने ते आपापली जागा घेतात. मध्यभाग निळा, कडा गुलाबी आणि दोहोंमध्ये हळूहळू उमटणारं तपकिरी कडं. कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे सामान असतं. विज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने हे एकदा स्वतः करून बघावं असं मला मनापासून वाटतं. लोखंड मरताना रंग दाखवतं हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि डोळ्यांसमोर घडताना पाहणं वेगळं.

आता याच पात्यावर दुसऱ्या जातीचं वर्तुळ पाहा. पांढरं. संभाजीनगरात ते ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. शहराचं नळाचं पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं, पण ते रोज येत नाही. मग बोअर, नाहीतर टँकर. आपल्या काळ्या बेसॉल्टच्या भेगांमधून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. असा थेंब पात्यावर वाळला की क्षार मागे राहतात आणि तेही कडेला गोळा होतात, मध्ये नाही. कारण मात्र वेगळं. थेंबाची कडा खाली चिकटून बसलेली असते आणि तिथून वाफ लवकर होते. झालेली तूट भरायला आतलं पाणी सतत कडेकडे वाहत राहतं आणि जाताना आपलं ओझं घेऊन जातं. बशीत सांडलेल्या कॉफीच्या थेंबाची कडा गडद असते ती यामुळेच. हे कोडं इतकं रोजचं की कुणी सोडवायला घेतलं नव्हतं. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी ते १९९७ मध्ये उलगडलं. तोवर माणूस चंद्रावर जाऊन आला होता.

म्हणजे एकाच पात्यावर दोन वर्तुळं, दिसायला बहिणी, स्वभावाने अगदी परक्या. पांढरं वर्तुळ पोलादावर नुसतं बसलेलं आहे. तांबडं पोलादातून उठलेलं आहे. बोटांचे ठसे हा तिसरा प्रकार. घामातल्या मिठामुळे कधीकधी बोटाच्या रेघा जशाच्या तशा गंजात उमटतात. पात्याला हात लावणारा माणूस निघून जातो आणि महिन्याभराने त्याची खूण वर येते.

विळीवर डाग पडला तर कुणाचं फारसं अडत नाही. वस्तऱ्याचं अडतं. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगल्या परजलेल्या वस्तऱ्याच्या धारेचं टोक अर्ध्या मायक्रॉनहूनही बारीक असतं, केसाच्या शंभराव्या भागापेक्षा पातळ. त्या टोकाशी लोखंड उरलेलं असतं ते इतकंच. पाठीजवळच्या जाड पोलादात खड्डा पडला तर तो नुसता दिसायला वाईट. तोच खड्डा धारेवर पडला तर धार तुटते आणि दाढी करताना त्वचा ओरखडते. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. तो फुगतो, त्याला भेगा पडतात, त्या भेगांत पुन्हा दमट हवा शिरते. गंज स्वतःच पुढच्या गंजाला वाट करून देतो. गव्हावरच्या रोगाला शेतकऱ्यांनी तांबेरा हे नाव रंगावरून दिलं, पण पसरण्याची रीतही तीच आहे. एका पानावर दिसला की शेताची काळजी लागते.

आता मामांचं काळं.

काळा थर म्हणजे बहुधा लोखंड आणि प्राणवायू यांचंच दुसरं संयुग, मॅग्नेटाइट. चुंबकाला चिकटणारं. तांबड्या गंजासारखं ते भुसभुशीत नसतं. दाट असतं आणि पोलादाला धरून बसतं. ते पुरतं कवच होत नाही, पण खालच्या पोलादापर्यंत पाणी आणि प्राणवायू पोचण्याचा वेग कमी करतं. घरोघरी ज्यांनी लोखंडी विळी वापरली आहे त्यांना हे सांगायची गरज नाही. नवी विळी पहिल्या कैरीला काळवंडते, दहाव्या कैरीनंतर तिचा रंग ठरून जातो आणि मग ती नव्यापेक्षा कमी गंजते. घासून-घासून ती रोज पांढरी करणाऱ्या घरात विळी लवकर झिजते.

काळ्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तोही स्वयंपाकघरातलाच. केळफूल चिरताना हाताला तेल लावतात, कारण त्याच्या चिकात टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड भेटले की शाईसारखा काळा रंग होतो. हिरड्यापासून शाई करत ती याच गुणावर. आवळा आणि मेंदी लोखंडी कढईत रात्रभर भिजवून केसांना लावतात, तेव्हा केस काळे करायला तोच संयोग कामी येतो. केस काळे करणारं रसायन आणि केस काढणाऱ्या पात्यावरचं काळं यांचं हे नातं कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या कढईकडे पाहत राहिलो होतो.

आणि ती निळसर झाक? ती रंगाची नाहीच, प्रकाशाची आहे. पोलादावरचा ऑक्साइडचा थर फार पातळ असला की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात. काही रंग विझतात, काही उजळतात. पावसात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तेच रंग. पोलाद तापवताना लोहार हे रंग पाहूनच उष्णता ओळखतो. सव्वादोनशे अंशांच्या आसपास गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. वस्तऱ्याचं पोलाद पिवळ्याच्या आसपासच थांबवलेलं असतं, म्हणून ते इतकं कठीण राहतं. यातून एक सक्त सूचना निघते: वस्तरा मशीनच्या बफवर घासून घेऊ नये. धारेजवळचं पातळ पोलाद क्षणात तापतं. धारेवर निळा रंग चढला की तिथलं पाणी उतरलं. मग ते पातं लख्ख दिसेल, पण धार धरणार नाही.

वस्तऱ्याच्या निगेचा विषय आपल्या शहराशी जोडायला मला फार लांब जावं लागलं नाही. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. वेरूळ जवळ, अजिंठा शंभरेक किलोमीटरवर. या सगळ्या ठिकाणच्या बौद्ध लेण्यांत शतकानुशतकं भिक्षू राहिले आणि ते सगळे मुंडण केलेले होते. भिक्षूजवळ असाव्यात अशा आठ वस्तूंची यादी बौद्ध परंपरेत आहे: तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरेचा पट्टा, पाणी गाळायचं फडकं, सुई आणि वस्तरा. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या चित्रांखाली निजणाऱ्या माणसाची मालमत्ता एवढीच. त्यातल्या निदान दोन वस्तू, सुई आणि वस्तरा, लोखंडी आणि गंजणाऱ्या.

पाली विनयपिटकात यावर नियम आहेत. संभाजीनगरात पालीचा अभ्यास चालतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराला नागसेनवन म्हणतात, आणि शहराला पालीची ओळख आहे ती मोठ्या प्रमाणात तिथून. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात केस वाढू देण्याची मर्यादा सांगितली आहे: दोन महिने किंवा दोन बोटं. पुढे वस्तरा, त्याला धार लावायचा दगड, वस्तऱ्याचं म्यान आणि 'नमतक' यांना परवानगी दिली आहे. नमतक म्हणजे लोकरीच्या जाड कापडाचा तुकडा. शब्द ऐकताच आपला नमदा आठवतो.

पण मला वेड लावलं ते सुईच्या नियमांनी. भिक्षूंच्या सुया गंजत होत्या. बुद्धांना सांगितलं गेलं, त्यांनी सुई ठेवायला नळी वापरायची परवानगी दिली. नळीतही सुया गंजल्या. मग नळीत किण्वाची (यीस्टची) भुकटी भरायची मुभा मिळाली. तरी गंजल्या. मग सातूचं पीठ. तरीही गंजल्या. मग दगडाची भुकटी. तीही पुरली नाही, तेव्हा ती भुकटी मेणाने माखून घ्यायला सांगितलं. ती तडकू लागली, म्हणून वर आवरण.

हे धर्मग्रंथातलं वर्णन आहे, पण वाचताना प्रयोगवही वाचतोय असं वाटतं. एक उपाय, निकाल, फसला, पुढचा उपाय. आणि क्रम पाहा. भुकटी आणि पीठ ओलावा शोषून घेतात, पण पोट भरलं की तो ओलावा सुईलाच देऊ लागतात. दगडाच्या भुकटीत कुजण्यासारखं काही नाही, पण हवा आत जातेच. मेण मात्र पाण्याला आणि हवेला दारातच थांबवतं. आज संग्रहालयांतल्या लोखंडी वस्तूंवर शेवटचा हात फिरतो तो मेणाचाच असतो. लेण्यांमधल्या भिक्षूंचे पंथ वेगवेगळे होते, त्यांच्या विनयाच्या पाठांतही फरक होते. तरी मराठवाड्याच्या पावसाळ्यात पाझरणाऱ्या कातळाच्या खोलीत सुई-वस्तरा सांभाळण्याची अडचण सगळ्यांचीच सारखी असणार. परंपरा सांगते की बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत हा सगळा विनय तोंडपाठ म्हणून दाखवला तो उपालींनी. उपाली आधी शाक्यांचे न्हावी होते.

आता प्रत्यक्ष डाग काढण्याकडे येऊ. इथे घाई करण्यासारखं काही नाही.

पहिली गोष्ट, डाग समजला जाणारा बराचसा भाग डाग नसतोच. जड पाणी आणि साबण मिळून एक राखाडी साका तयार होतो, त्यात त्वचेचं तेल आणि धूळ मिसळते. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आणि मऊ सुती फडकं एवढ्याने तो निघतो. पांढरं वर्तुळ राहिलं तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन अर्धा मिनिट ठेवायचं, धुवायचं, लगेच कोरडं करायचं. क्षार विरघळून जातात.

तांबड्यासाठी आधी तेल. शिवणयंत्राचं पातळ तेल डागावर लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी भुसभुशीत गंजाचा वरचा थर नुसत्या फडक्याने सुटून येतो. खोबरेल किंवा गोडं तेल नको. ते खवट होतं आणि खवटपणातून आम्ल तयार होतं. एवढ्यानेही राहिलं तर घासायची वेळ येते आणि घासण्याचं सूत्र एकच आहे: घासणारी भुकटी डागापेक्षा कठीण हवी, पण पोलादापेक्षा मऊ. खडूची भुकटी गंजापेक्षा मऊ म्हणून ती साबण काढते, गंज नाही. वाळू पोलादालाच ओरखडते. आपल्या आयांनी भांड्यांना लावलेली चाळलेली राख बरोबर मधल्या जागेवर बसते, शिवाय ती अल्कधर्मी असल्याने पोलादाला मानवते. आज पितळ चकचकीत करायचं ब्रासोसारखं पॉलिश तेच काम करतं. फार हट्टी डाग असेल तरच हे सूत्र मोडून दोन हजार नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून, बाटलीच्या बुचावर गुंडाळून, अगदी हलक्या हाताने.

हाताची दिशा सगळ्यांत महत्त्वाची. पातं लाकडी फळीवर सपाट ठेवायचं. पाठ आपल्याकडे, धार पलीकडे. फडकं पाठीकडून धारेकडे न्यायचं, धारेपलीकडे गेल्यावर उचलायचं आणि पुन्हा पाठीवर आणून ठेवायचं. मागे ओढत आणायचं नाही. ओढत आणलं की धार फडक्यात शिरते, फडक्यातून बोटात. मामा हे करताना त्यांचा अंगठा कधीच पाठीच्या पुढे सरकत नाही. पन्नास वर्षांची सवय त्या अंगठ्यात आहे. पात्यावर कारखान्याचं नाव किंवा सोनेरी नक्षी असेल तर तो भाग सोडून द्यावा. सोन्याचा मुलामा पहिल्याच घासणीत जातो.

लिंबू, चिंच यांचं काय? सायट्रिक आणि टार्टारिक आम्लं गंजाला खरंच विरघळवतात, लोखंडाच्या अणूला चिमट्यात धरावं तसं उचलून नेतात. पण गंज संपला की ती थांबत नाहीत. पोलादावर चढतात, काळा थर खातात आणि मागे एक मंद, करडी, उघडी जागा ठेवून जातात. त्या जागेवर पहिला ओला वारा लागला की काही तासांत नवा तांबडा पापुद्रा दिसतो. माझ्याकडच्या एका जुन्या वस्तऱ्यावर मी हे केलं होतं, म्हणून मामांनी वस्तरा का ओढून घेतला ते मला नंतर समजलं. आम्ल वापरायचंच असेल तर मिनिटभर आणि लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने मारून, पुसून, तेल लावून.

गंजाची सगळ्यांत विलक्षण गोष्ट मला मामांच्या परजण्याच्या पट्ट्यावर सापडली. चामड्याच्या पट्ट्याला धार चकचकीत करण्यासाठी लेप लावतात. त्यातला एक लाल असतो, एक हिरवा. लाल म्हणजे फेरिक ऑक्साइड. सोनार दागिन्यांना शेवटची झिलई देतात तो रूजही हाच. गंजाचा सख्खा भाऊ! पाण्याने वेडावाकडा उगवलेला असला की पात्याला खातो, आणि शुद्ध करून, वस्त्रगाळ करून चामड्यावर लावला की त्याच पात्याला आरसा करतो. हिरव्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

डागाकडे शत्रू म्हणून न पाहणारेही कारागीर दख्खनमध्ये झाले. संभाजीनगरात पाणचक्की-मकबऱ्याच्या वाटेवरच्या दुकानांत हिमरूच्या शालींशेजारी बिदरी कामाची काळी भांडी दिसतात. ती काळी रंगवलेली नसतात. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात मिसळून त्यात ते घालतात. त्या मातीत सोऱ्यासारखे क्षार असतात. जस्त काळंभोर होतं आणि चांदीवर टिपूसही उमटत नाही. डाग कुठे पडावा आणि कुठे पडू नये हे ठरवून केलेली ही कला आहे.

पोलादातही हेच झालं. औरंगाबाद ज्या निजामाच्या राज्यात होतं, त्याच राज्यात आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथल्या भट्ट्यांमधल्या पोलादाच्या वड्या घ्यायला इराणचे व्यापारी येत. अशा पोलादाची तलवार घासून पांढरी केली की साधीच दिसते. तिच्यावर हिराकसासारखं क्षाराचं पाणी फिरवलं की पाण्याच्या लाटांसारखी नक्षी वर येते, कारण त्यातले काही पट्टे लवकर काळे होतात आणि काही होत नाहीत. ती नक्षी पोलादाच्या आतच असते. डाग फक्त ती वाचायला लावतो.

युरोपात या पोलादाला वुट्झ म्हणत. त्याचे नमुने मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला पाठवले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. ते पोलाद घडवून पाहणारा कारागीर होता जेम्स स्टोडार्ट, लंडनचा सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं करणारा. पुढे १८१९ च्या सुमारास याच स्टोडार्टबरोबर एक तरुण वुट्झचं पृथक्करण करायला बसला. लोहाराचा मुलगा होता, नाव मायकेल फॅरडे. चांगलं आणि न गंजणारं पोलाद करता येईल का, म्हणून दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिलं. त्या मिश्र पोलादाचे वस्तरे करून फॅरडेने मित्रांना भेट दिले. विजेच्या शास्त्राचा पाया घालण्याआधी तो दख्खनच्या पोलादाचं गूढ सोडवत होता आणि त्याच्या हाती लागला तो वस्तरा. मला ही विज्ञानाच्या इतिहासातली फार हृद्य गोष्ट वाटते.

त्यांना हवा होता तो धातू क्रोमियम होता. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेलं पोलाद ओतलं आणि त्याच्या लक्षात आलं की त्यावर आम्लाचा डाग पडत नाही. आपण त्याला स्टेनलेस म्हणतो, डाग न पडणारं. पण खरी गंमत पुढे आहे. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते अलिप्त राहून नव्हे. हवा लागताच त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा थर चढतो, काही नॅनोमीटर जाडीचा, इतका पातळ की डोळ्याला दिसत नाही आणि इतका सलग की प्राणवायू पुढे सरकू शकत नाही. ओरखडा पडला तर तो थर स्वतःच पुन्हा भरून येतो. म्हणजे स्टेनलेसचं प्रत्येक पातं इथून तिथपर्यंत डागाने झाकलेलं असतं. तो डाग दिसत नाही, एवढंच. मामांच्या पट्ट्यावरचा हिरवा लेप आठवा. तो क्रोमियम ऑक्साइडच आहे. लाल लेप गंजाचा नातेवाईक, हिरवा लेप स्टेनलेसच्या कवचाचा. एकाच चामड्याच्या पट्ट्यावर दोघे शेजारी.

हवामानाचं सांगायचं राहिलं. स्वच्छ लोखंड हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या पुढे गेली की जोराने गंजायला लागतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी त्याच्या जवळपासही जात नाहीत, म्हणून मराठवाड्यात लोखंड कोकणापेक्षा जास्त टिकतं. मात्र उन्हाळ्यातला कूलर हिशेब पार बदलतो. वाळ्यातून येणारा गारवा म्हणजे पाण्याची वाफच. कूलरच्या झोतात ठेवलेला वस्तरा मे महिन्यातही पावसाळा भोगतो. आणि कुणाकडे जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीचा वस्तरा असेल तर त्याने मूठ तपासावी. जुनं झालेलं सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि आपल्याच पोटात मिटून ठेवलेल्या पात्याला गंजवतं. डाग मुठीच्या आकारात आले की गुन्हेगार ओळखावा.

आणखी एक, अगदी गांभीर्याने. असा जुना वस्तरा साफ झाला म्हणून लगेच गालाला लावू नये. खड्ड्यांत काय दडलं आहे ते फडक्याला कळत नाही. निसण्यावर नवी धार काढून, निर्जंतुक करून आणि एकाच माणसाने वापरायचा. सलूनमध्ये दर माणसाला नवं ब्लेड हा नियम काही प्रकारची कावीळ आणि एचआयव्हीसारखे रक्तातून पसरणारे आजार टाळण्यासाठी आहे आणि तो असायलाच हवा.

गेल्या आठवड्यात मामांकडे पुन्हा गेलो. तेल लावून रात्रभर ठेवलेला वस्तरा त्यांनी फळीवर घेतला, बुचाला फडकं गुंडाळलं आणि पाठीकडून धारेकडे एक-एक घासणी घातली. तपकिरी कडं पंधरा-वीस घासण्यांत गेलं. पाठीची निळसर झाक त्यांनी हातही न लावता सोडली. मुठीच्या खिळ्यात तेलाचा एक थेंब सोडला, पातं दोनदा उघडून मिटवलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बघा भिंगातून."

मी पाहिलं. कडं नव्हतं. करडा खड्डा तिथेच होता, मधोमध, सुईच्या टोकाएवढा. आजूबाजूच्या लख्ख पोलादामुळे तो आता जास्त ठळक दिसत होता. "तो नाही जायचा," मामा म्हणाले. "तेवढा काढायचा तर पातंच घासावं लागंल." त्यांनी वस्तरा कापडात गुंडाळला आणि आरशामागच्या कप्प्यात, कूलरच्या उलट्या बाजूला, ठेवून दिला.